उदबत्तीचा धूर वाकतो तिथे

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला नेहमीपेक्षा गोड बोलला की मी दुधात बोट बुडवून बघते. सूनबाई आपणहून चहा घेऊन आली की मनात येतं, हं, आता काय हवंय हिला? आमचा धाकटा म्हणतो, "आई, तू पोलिसात जायला हवी होतीस." गेले असते तर पोलीसखात्याचंच भलं झालं असतं, मी काय म्हणू.

परवा थंडीनं यंदा पहिल्यांदा तोंड दाखवलं. गोरेगावात आता थंडी म्हणजे घाईतली पाहुणी. पंखा एकावर आणावा, कपाटातली शाल काढून झटकावी, तोवर ती निघालीसुद्धा. त्यात धाकट्यानं माझ्या खोलीत एसी बसवायचा घाट घातला. थंडीत स्वस्त मिळतो म्हणे. एसीवाला आला, चांगला मिशाळ बाप्या, खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवून म्हणाला, "आजी, अगरबत्ती आहे का एखादी? हवा कुठून लीक होते ते बघायचंय." मी देवघरातली उदबत्ती आणून दिली. त्यानं ती पेटवली आणि चौकटीच्या कडेकडेनं सावकाश फिरवायला लागला. धूर सरळ वर जात होता. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापाशी आला आणि एकदम वाकला.

"मिळाला!" एसीवाला म्हणाला.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण मला ऐकू आलं ते "पकडला मेल्याला!" आणि तो आवाज आत्याबाईंचा होता. आत्याबाईंना जाऊन जमाना झाला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत कपाळ पुसून माहेरी आल्या आणि आल्या दिवसापासून त्या घराच्या धनीण झाल्या. आईबाप लवकर गेले. धाकट्या भावाला त्यांनीच वाढवला, त्याचं लग्नही त्यांनीच लावलं. सासरे मी घरात यायच्या आधीच वारले होते. त्यामुळे घरात आम्ही चौघं, आत्याबाई, माझ्या सासूबाई, हे आणि मी. बोलायच्या एकट्या आत्याबाई. सासूबाई त्यांना "वन्सं" म्हणत आणि त्यापुढे सहसा काहीच म्हणत नसत. ह्यांचं घरातलं भाषण म्हणजे "हो" आणि "बरं."

पन्नास साल उलटून गेलं होतं. गिरगावातल्या चाळीतली खोली सोडून मंडळी नुकतीच गोरेगावला राहायला आली होती. सिमेंटचं नवंकोरं बैठं घर, वर स्लॅब, भिंतींना चुन्याचा वास अजून येत असलेला. मागच्या अंगणात उभं राहिलं की दिंडोशीच्या टेकडीपर्यंत भाताची खाचरं आणि ताडाची झाडं दिसायची. गिरगावचे नातेवाईक म्हणायचे, "गोरेगाव? अरे बापरे, म्हणजे जंगलातच की!" आणि खरंच, संध्याकाळी कोल्हेकुई ऐकू यायची. भात कापून झाला की शेतं मोकळी व्हायची आणि टेकडीवरून जो वारा सुटायचा तो थेट आमच्या मागच्या भिंतीवर येऊन थडकायचा, मध्ये अडवायला कुणी नाही. धुणं दोरीवरून उडून खाचरात जायचं. आत्याबाई त्या वाऱ्याकडे अशा बघायच्या, की जणू तो ओळखीतला चोर आहे आणि फक्त पुरावा मिळायचा बाकी आहे.

त्या मार्गशीर्षात मी बाळंत झाले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई नव्हती आणि वडिलांनी दुसरी केलेली. सावत्र आईच्या दारात पोट घेऊन कोण जाणार? तेव्हा पार्ल्याच्या प्रसूतिगृहातून मला आणलं ते सासरच्याच आतल्या खोलीत. मुलगा झाला होता. रंगानं उजळ, नाक नकटं, आणि आवाज असा की भोंगा परवडला.

आमच्या घरात बाळंतीण म्हटली की सगळ्यांचेच चेहरे बदलत. कारण ह्यांच्या आधी सासूबाईंना एक मुलगा झाला होता, गिरगावच्या त्या खोलीत. ऐन पावसाळा, कोकणच्या बोटी बंद, म्हणून त्यांना माहेरी जाता आलं नव्हतं. बारसं व्हायच्या आत ते मूल गेलं आणि सासूबाई जेमतेम वाचल्या. कसं गेलं? "वारं लागलं," आत्याबाई सांगत. "मी एकूण एक फट बुजवली होती गं. कुणीतरी मेल्यानं दार उघडं टाकलं. कुणी टाकलं ते आजतागायत कळलं नाही." आणि हे सांगताना त्या समोरच्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं रोखून बघत. त्यात त्या वेळी जन्मलेसुद्धा नसलेले आमचे हेही आले. ह्यांच्या वेळी मात्र सासूबाई हट्टानं माहेरी गेल्या. आयुष्यात एकदाच त्यांनी हट्ट केला असावा. त्यांचं कोकणातलं घर म्हणजे कौलांतून आकाश दिसायचं आणि कुडाच्या भिंतीतून शेजारी.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आम्ही घरी आलो त्याच दिवशी आत्याबाई कामाला लागल्या. जुनेराच्या मऊ चिंध्या फाडून त्यांचे बोळे केले. हातात उदबत्ती घेतली आणि खोलीभर, भिंतीला नाक लावून, फिरायला लागल्या. मी बाजेवर पडून बघत होते. खिडकीची लाकडं पावसात फुगून आता आकसलेली, तिथे धूर वाकला. "पकडला मेल्याला!" बोळा आत. दाराच्या बिजागरीपाशी वाकला, बोळा आत. छताजवळ झरोका होता, तो तर राजरोस दरोडेखोर, त्यात अख्खी उशी बसवली. विजेची तार आत घ्यायला गवंड्यानं भिंतीत भोक ठेवलं होतं. वीज यायची होती, वारा आधीच आला होता. तिथे सगळ्यात मोठा बोळा.

प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं होतं, खोली हवेशीर ठेवा. ह्यांनी तसं भीतभीत म्हणून पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "त्याला काय होतंय सांगायला? तो काय रात्री उठून पोराची छाती शेकणार आहे?" हे "बरं" म्हणाले आणि ऑफिसला गेले.

बाळंतपणातल्या दुपारी अजून अंगात भरलेल्या आहेत. सकाळी अळिवाची खीर, मग तेलानं अंग रगडून घ्यायचं, कढत पाण्याची अंघोळ, आणि मग बाजेखाली कोळशाची शेगडी. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग टाकायचं. वर मी, कुशीत पोर, अंगावर पासोडी, कानाला घट्ट रुमाल. पाठीची हाडं अशी सुखावत, खोटं कशाला बोलू. ओव्याचा वास आला की आजही मला पेंग येते. पोराला मात्र तो शेक मुळीच खपत नसे. शेगडी आत आली की बाळराजे टाहो फोडायचे.

आणि इथेच संशयाला सुरुवात झाली. कारण बुजवलेल्या फटी उघड्या पडायला लागल्या. झरोक्यातली उशी तिरकी झालेली असायची. तारेच्या भोकातला बोळा तर दिवसाआड गायब. आत्याबाई नवा घालायच्या, तोही गायब. "घरात बोळेचोर आहे," त्यांनी जाहीर केलं.

हे म्हणाले, "उंदीर असेल."

"उंदीर छताशी जाऊन उशी तिरकी करतो?" मी विचारलं.

"मग घूस असेल."

असल्या माणसाशी काय बोलायचं, सांगा.

आत्याबाईंचा पहिला संशय मांजरावर, दुसरा समोरच्या सबनीसबाईंवर. सबनीसबाईंना मूल नव्हतं आणि त्या साखर मागायला मागच्या दारानं येत, एवढा गुन्हा पुरेसा होता. तिसरा संशय जानकीवर. जानकी मढची कोळीण, पाटी घेऊन दारोदार फिरायची. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती मोरी मासा आणायची. एकदा तिनं पाटी उतरवली आणि खिडकीच्या दिशेनं मान लांब करून म्हणाली, "काय गो बाय, पोराला कोठारात कोंडलाय का? तोंड तरी दाव!"

"आधी तुझी मासळी दाखव," आत्याबाई तिच्या आणि खिडकीच्या मध्ये उभ्या राहत म्हणाल्या. "आणि काल कुठल्या बाजूनं गेलीस गं तू?"

"रस्त्यानं गेलं, नि काय उडत जातं?" जानकी कपाळाला हात लावून म्हणाली. त्या दिवशी पोराची मीठमोहरीनं दृष्ट काढली, मोरीचं कालवण मात्र आम्ही पोटभर जेवलो.

माझा संशय निराळा होता. मी दिवसभर त्या खोलीत पडून, दुसरा उद्योग काय? मी बघत होते. सासूबाई नातवाला मांडीवर घेत नसत. एकदाही नाही. दुपटी धूत, घड्या घालून ठेवत, पण पोराकडे धड बघायच्या नाहीत. दुसरं म्हणजे, शेगडीवर निखारे जरा फुलले न फुलले तोच त्या आत येऊन ती उचलायच्या. "बंबाला विस्तव हवाय." "पापड भाजायचेत." "दूध उतू गेलं, चूल विझली." रोज नवी सबब. आता सांगा, पापड भाजायला बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी लागते? आणि ह्यांच्यासाठी त्यांच्या मनात त्यांच्या भावाची मुलगी होती, हेही मला ठाऊक होतं. दोन आणि दोन चार व्हायला कितीसा वेळ लागतो?

मग एका दुपारी पाहिलंच. मी डोळे मिटून पडले होते. सासूबाई पावलं न वाजवता आत आल्या, भिंतीशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, दोन बोटांनी भोकातला बोळा ओढला आणि पदराखाली घातला. वाऱ्याची गार रेघ माझ्या कपाळावरून गेली.

ह्या बाईला माझं पोर नकोय, हा एकच विचार. तो संशय मी घेतला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर काय ओवाळणी घातली असती? पण बोलले नाही. आत्याबाईंना सांगावं तर त्या घर डोक्यावर घेणार, आणि उद्या नणंदभावजया एक झाल्या तर मी जाणार कुठे? ह्यांना सांगावं तर पुन्हा घूस. तेव्हा गप्प राहायचं, असं ठरवलं. वारा ज्या बाजूनं येई त्या बाजूला मी आडवी व्हायचे आणि पोर पलीकडे घ्यायचे. सासूबाई आत आल्या की त्यांच्या हातांवर नजर. त्याही माझ्याकडे बघायच्या, मग नजर चुकवायच्या. चोराच्या मनात चांदणं, मी म्हणायचे.

एसीवाला खिडकीपाशी आपलं काम करत होता. डब्यातून पांढरा फेस फवारायचा, तो फुगून फटीत घट्ट बसायचा. सोयीचं आहे. आत्याबाईंना केवढा आनंद झाला असता. मला वाटतं, फट शोधणं आणि संशय घेणं हे एकाच जातीचं काम आहे. उदबत्तीचा धूर वाकला की कळतं, कुणीतरी आत येतंय. पण तो कशासाठी येतोय ते धूर सांगत नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि तिथेच सगळे गोते.

आत्याबाईंनी शेवटी बोळ्यांचा नाद सोडला. त्यांनी मैद्याची दाट खळ शिजवली, झुरळांनी खाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घातलं. जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या कापल्या. खिडकीच्या सगळ्या कडा, झरोका, तारेचं भोक, सगळं आतून एकदा आणि बाहेरून एकदा चिकटवलं. दाराच्या खालच्या फटीला गोधडीची वळकटी शिवली. "आता काढ म्हणावं! काढलंन तर फाटेल, फाटलं तर कळेल." मग उदबत्ती फिरवली. खोलीभर धूर कुठ्ठेच वाकला नाही. एक सरळ रेघ छतापर्यंत. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता खुशाल नीज रे माझ्या राजा," त्या पोराला म्हणाल्या. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बेत फसला म्हणून, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आत्याबाईंनी सासूबाईंना स्टेशनपलीकडच्या मारुतीला तेल घालायला पाठवलं. सासूबाई वाटी घेऊन दारापर्यंत गेल्या, परत आल्या. "वन्सं, आजचा शेक मी आल्यावर करू या का?"

"का? मी काय मेलेय?" आत्याबाई म्हणाल्या.

सासूबाई गेल्या. माझी अंघोळ झाली, शेगडी आत आली, दार लागलं. आणि दाराला बाहेरून पाठ लावून आत्याबाई सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसल्या. बोळेचोर आलाच तर त्यांना ओलांडून येणार होता.

सुरुवातीला फार बरं वाटलं. वाऱ्याची रेघ नाही, कुठे गारवा नाही. मला वाटलं, आज पहिल्यांदा माझं पोर सुरक्षित आहे. मग डोकं दुखायला लागलं, कपाळाला फडकं आवळून बांधल्यासारखं. ओव्याचा वास चढला असेल, म्हटलं. मग मळमळायला लागलं. अळीव बाधले असतील. उठून पाणी प्यावं म्हटलं तर पाय माझे नव्हतेच. पोराकडे बघितलं. गाल छान गुलाबी झालेले. शेगडी आली की टाहो फोडणारं पोर, आज हूं नाही की चूं नाही. आत्याबाईंनी दार बोटभर किलकिलं करून डोकावलं. "बघ कसा निजलाय! आज खरा शेक लागला," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मला त्यांना हाक मारायची होती. जीभ उचलेना.

मग लांबून, विहिरीच्या तळाशी असताना यावं तसं, बोलणं ऐकू आलं.

"वन्सं, शेगडी अजून आतच?"

"शेक चाललाय."

"दार उघडा."

"वेडी आहेस का? वारं शिरेल. रडत नाही, काही नाही, शांत निजलाय."

"रडत नाही?" सासूबाईंनी विचारलं.

त्यानंतर काहीच नाही. मला वाटलं, गेल्या. आणि मला आत कुठेतरी वाटलं, जाऊ नका हो. हे मला का वाटलं, ज्या बाईवर मी पहारा ठेवून होते तिच्याबद्दल, ते मला आजवर उलगडलेलं नाही.

आणि खिडकीची काच फुटली. मागच्या अंगणातून त्यांनी वरवंटा घातला होता. एक तावदान, मग दुसरं. वर्तमानपत्राच्या पट्ट्या टराटरा फाटल्या आणि टेकडीवरचा वारा गजांमधून आत घुसला. आत्याबाई किंचाळून उठल्या, सुपातले तांदूळ सांडले, तोवर सासूबाई वळसा घालून धावत पुढच्या बाजूनं आल्या आणि दार ढकलून आत. त्यांनी पोराला उचललं. ज्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता त्यांनी. टोपडं ओरबाडून काढलं, दुपटं सोडलं, आणि उघडं पोर घेऊन सरळ अंगणात, त्या बोचऱ्या वाऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मला आत्याबाईंनी काखेत धरून ओढत व्हरांड्यात आणलं. माझी मान खांद्यावर पडत होती, पण दिसत होतं सगळं.

"अगं, मारशील त्याला! वारं लागेल!" आत्याबाई ओरडल्या.

"गप्प बसा, वन्सं!" सासूबाई म्हणाल्या. त्या घरात हे वाक्य त्याआधी कुणी उच्चारलं नसेल. "त्या वेळीही दार उघडलं, वारा आला, म्हणून मी उठले. तो नाही उठला. माझा एक गेला तेवढा पुरे झाला!"

त्या पोराच्या तोंडावर फुंकर घालत होत्या, तळपाय चोळत होत्या, त्याला वाऱ्याकडे धरत होत्या. पोर मान टाकून होतं. मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग ते खोकलं. एकदा, दोनदा. आणि मग आमच्या भोंग्यानं असा काही सूर लावला की समोरून सबनीसबाई धावत आल्या. सासूबाई अंगणातच खाली बसल्या, पोराला छातीशी धरून, आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागल्या.

बंद खोलीत कोळसा धुमसला की विषारी वायू जमतो, त्याला ना रंग ना वास, हे आता शाळेतली पोरंही सांगतील. आम्हाला कोण सांगणार होतं? कोकणातल्या घरांतून बाळंतिणींना पिढ्यान्‌पिढ्या शेक दिला आणि कौलांनी, कुडांनी त्यांना गुपचूप वाचवलं. त्यामुळे श्रेय मिळत गेलं शेगडीला आणि आळ येत गेला वाऱ्यावर. आम्ही मात्र स्लॅबखाली राहायला आलो, आणि रीत जशीच्या तशी बरोबर आणली.

मी हिंडायला फिरायला लागल्यावर सासूबाईंना विचारलं, "आई, इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

त्या दुपटी वाळत घालत होत्या. "कुणाला सांगू? वन्संना? त्या पोराला माझ्यापेक्षा जास्त त्यांनी खेळवलं होतं. तुमच्या हातून गेलं असं म्हटलं असतं, तर त्या जगल्या असत्या का? आणि मला तरी कुठे नक्की ठाऊक होतं, बाई? मला आपला संशय होता."

संशयानं घरं मोडतात, असं लोक म्हणतात. मोडत असतील. आमचं पोर संशयानं वाचवलं. तोच आज नाशकात नातवंडांत रमलाय आणि थंडी पडली की फोनवर माझ्याशी तेवढ्याच मोठ्यानं बोलतो. म्हणून सांगते, मला कुणी संशयी म्हटलं की मी रागावत नाही. मी ते सासूबाईंकडून घेतलंय.

"झालं, आजी. एकदम पॅक," एसीवाला म्हणाला. "तो वरचा एक कोपरा राहिलाय, तेवढा मारतो."

"तो राहू दे," मी म्हटलं.

"अहो, मग गार हवा बाहेर जाईल ना!"

"जाऊ दे. कुणालातरी लागेल."

धाकट्यानं कपाळावर हात मारला, पण कोपरा राहिला.

आत्याबाईंचं मात्र सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून त्या बोलेनाशा झाल्या. जेवायला वाढलं की जेवायच्या, हाक मारली की बघायच्या. खिडकीला काच बसवायला हे माणूस आणणार होते, सासूबाई म्हणाल्या, घाई नाही. मग एका दुपारी, पोर माझ्या मांडीवर दूध पिऊन निजलेलं, आत्याबाई हातात उदबत्ती घेऊन आत आल्या. फुटक्या तावदानासमोर जमिनीवर बसल्या. उदबत्ती पेटवून धरली. वारा आत येत होता आणि धूर वाकून वाकून त्यांच्याच तोंडावर जात होता. त्या हलल्या नाहीत. सासूबाई दारात आल्या, थांबल्या, आणि मग जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

उदबत्ती अर्धी जळल्यावर आत्याबाईंनी विचारलं, अगदी हळू, खिडकीकडेच बघत, "त्या वेळी गिरगावात... एकसुद्धा फट राहिली नव्हती का गं?"

सासूबाईंनी त्यांच्या हातातली उदबत्ती काढून घेतली.

"नाही, वन्सं," त्या म्हणाल्या. "तुम्ही फार नीट बुजवल्या होत्यात."